पिवळं झालेलं वाक्य

देवबागच्या घरी ती बातमी आली तेव्हा तुळसा मागल्या दारी बांगडे साफ करत बसली होती. फोन तिच्या सुनेने, वर्षालीने घेतला. जहाजावर नोकरी लावून देणारा मुंबईचा एजंट बोलत होता. वर्षालीचा नवरा नितेश ज्या मालवाहू जहाजावर इंजिनांचं तेलपाणी बघणारा ऑइलर म्हणून कामाला होता, ते ‘गल्फ ॲस्टर’ सोमालियाजवळच्या समुद्रात चाच्यांनी धरलं होतं.

“सगळे सुखरूप आहेत. कंपनीची बोलणी चालू आहेत. तुम्ही फोन करू नका, आम्हीच करू,” एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

२००९ चा डिसेंबर होता. देवबागात पर्यटकांची गर्दी, खाडीत बोटी, समुद्राच्या बाजूला रंगीत छत्र्या. नितेशचा थोरला भाऊ महादू मासेमारीच्या ट्रॉलरवर होता. तो किनाऱ्याला लागल्यावर त्याला सांगितलं. तो तिथेच जाळ्याच्या ढिगावर बसला.

एजंटाचा पुढचा फोन आलाच नाही. वर्षालीने केला तर कधी साहेब जागेवर नसत, कधी ‘सगळे सुखरूप आहेत, मॅडम’ हेच वाक्य ऐकू येई. मग तिने मालवणच्या बाजारपेठेतल्या भाईंचं सायबर कॅफे गाठलं.

त्या जागेत पूर्वी भाईंचा टायपिंग क्लास होता. बारावी झाल्यावर वर्षाली तिथेच इंग्रजी टायपिंग शिकली होती. पुढे टंकयंत्रं गेली, संगणक आले, पण लाकडी टेबलं तीच राहिली. भाईंनी तिला पाहताच खुर्ची दिली आणि कोपऱ्यातला संगणक लावून दिला.

“काय शोधूचा आसा?” त्यांनी विचारलं.

“भाईनू, माझ्या घोवाचा जहाज.”

नितेशच्या कंपनीची वेबसाइट सापडली. चाच्यांनी धरलेल्या जहाजांची माहिती देणारं एक पान मिळालं. खलाशांच्या संघटनेचं एक, दुबईचं एक इंग्रजी वर्तमानपत्र, मुंबईची दोन-तीन, आणि जगभरातल्या खलाशांच्या बायका, आया, बहिणी जिथे एकमेकींना लिहीत ते एक पान. भाईंनी ही सगळी पानं ‘फेव्हरिट्स’मध्ये, म्हणजे आवडत्या पानांत, घालून दिली. वर्षालीला त्या शब्दाचं हसू आलं नाही. ती रोज सकाळी सासूला भाताची पेज देऊन एसटीने मालवणला येई आणि ती पानं एकामागून एक उघडून वाचत बसे.

पान उघडायला वेळ लागे. अर्धं उघडलं की वीज जाई. वीज आली की पहिल्यापासून सुरुवात. वर्तमानपत्रांच्या पानांवर इतक्या बातम्या असत, की आपलं जहाज त्यांत आहे की नाही हे बघायलाच डोळे शिणत. दुपारची एसटी चुकवून चालत नसे, कारण घरी तुळसा एकटी असायची. त्यामुळे एक-दोन पानं नेहमी बघायची राहून जात.

महादूला हे पटत नव्हतं. गावात लोक विचारायला लागले होते.

“रोज बाजारात जाऊन त्या खोक्यात काय बघतंस गो?” एकदा तो जेवताना म्हणाला. “काय ता एजंट सांगतलो मा.”

“भावजी, एजंटान बातमी दिल्यार परत एक तरी फोन केल्यान?”

भात संपवून तो उठला.

जहाजावर जिल्ह्यातला आणखी एक जण होता. शंकर, वैभववाडीकडचा. स्वयंपाकघरात कुकच्या हाताखाली काम करायचा. नितेश फोनवर त्याचं नाव नेहमी घ्यायचा, हा भर समुद्रात कुळथाची पिठी करून घालतो म्हणून. शंकरची आई राधाबाई विधवा होती आणि तो तिचा एकुलता एक. थोडी भातशेती आणि घराच्या वरच्या अंगाला काजूची बाग. शंकरने तिला एक मोबाइल घेऊन दिला होता, पण रेंज फक्त बागेतल्या एका काजूखाली मिळे. रोज संध्याकाळी ती तिथे जाऊन वर्षालीला फोन लावायची.

“काय गो, आज काय म्हणता तुझा इंटरनेट?”

“सगळे बरे आसत, काकी. तसाच लिवलेला आसा.”

“दोघांचा पण?”

“सगळ्यांचा.”

एवढंच बोलणं. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. पण संध्याकाळी फोन वाजला की तुळसासुद्धा म्हणायची, “बघ, वैभववाडीची इली.”

जानेवारीत एक गोष्ट घडली, तिने वर्षालीची झोप उडवली. कंपनीच्या पानाच्या तळाशी एक सूचना आली होती. घरच्यांनी शनिवारपर्यंत चार ओळींचा निरोप पाठवला तर तो जहाजावर पोचवायचा प्रयत्न करू, असं तिच्यात होतं. वर्षालीने ती सोमवारी वाचली. शुक्रवारी वीज गेली होती, शनिवारी कंपनीचं पान शेवटी ठेवलं होतं आणि ते उघडायच्या आत एसटीची वेळ झाली होती. सूचना तीन दिवस तिथे होती आणि तिने पाहिली नव्हती. तिचा निरोप गेला नाही, राधाबाईंचाही गेला नाही.

त्या दिवशी ती संगणकासमोर नुसती बसून राहिली. भाई चहा घेऊन आले.

“रडा नको. सगळी पाना रोज बघणा माणसाचा काम नाय.”

“मग कोणाचा काम?” ती चिडून म्हणाली. “जी पाना बदललीच नाय, ती मी रोज परत परत वाचतंय. आणि जा बदलला ता माका दिसलाच नाय. खंयचा पान बदलला ता ह्या खोक्याक सांगूक येणा नाय?”

भाईंना ते ठाऊक नव्हतं. पण व्हायरसच्या त्रासाने त्यांनी महिन्याभरापूर्वी सगळ्या संगणकांवर पानं उघडायला फायरफॉक्स नावाचा नवा ब्राउझर टाकला होता, आणि त्याला वरून जोडायच्या लहानसहान सोयी फुकट मिळतात एवढं त्यांनी ऐकलं होतं. ॲड-ऑन म्हणतात त्यांना. कुठून घेतात हे मात्र त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

वर्षालीने मेनू एकेक करून उघडले. ‘टूल्स’मध्ये तो शब्द सापडला. शोधायच्या चौकटीत तिने आपल्या परीने इंग्रजी लिहिलं, वेबसाइट, चेक, चेंज. नावांची रांग आली. एक हवामान दाखवणारं, एक गाणी उतरवून घेणारं, एक नुसतं खिडकीचा रंग बदलणारं. तिने रांग खाली सरकवली. मग एका ओळीवर ती थांबली. तुमच्या आवडत्या पानांवर लक्ष ठेवतं आणि पान बदललं की कळवतं, असं त्या ओळीत लिहिलं होतं.

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग बटण दाबलं. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा, असं आलं, तसं तिने केलं, आणि सगळी पानं एकदम नाहीशी झाली.

“भाईनू! सगळा गेला!”

भाई धावत आले. दोघं पडद्याकडे बघत राहिले. ब्राउझर हळूहळू परत उघडला. फेव्हरिट्स जागेवर होते. खालच्या कोपऱ्यात एक बारीक चिन्ह नवीन आलं होतं. वर्षालीने आपली सगळी पानं त्याच्या ताब्यात दिली आणि दुपारच्या एसटीने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा बाजूच्या पट्टीत तीन नावं ठळक झाली होती, बाकीची फिकी होती. तिने एका ठळक नावावर टिचकी मारली. पान उघडलं आणि त्यातली नवी ओळ पिवळी दिसली, कोणी हळदीचं बोट फिरवल्यासारखी. वर दोन शब्द होते, ‘जुनं पान’ आणि ‘नवं पान’. कालचंही बघता येत होतं, आजचंही. अर्ध्या दिवसाचं काम चहा गार व्हायच्या आत झालं.

वर्षालीने तोंडावर पदर घेतला. भाईंना वाटलं काहीतरी वाईट वाचलं. पण ती हसत होती, बऱ्याच दिवसांनी.

यात त्रासही होताच. वर्तमानपत्राची जाहिरात बदलली तरी ते पान ठळक होई. तारीख बदलली तरी होई. ती घाईने उघडून बघायची, तर साबणाची जाहिरात. काही दिवसांनी तिला सापडलं, की लहान बदल सोडून द्यायलाही त्याला सांगता येतं. वर्तमानपत्रांसाठी तिने ते लावलं. कंपनीच्या पानासाठी लावताना तिचा हात थांबला. कंपनी फार थोडं लिहीत होती. तिचं अक्षर न् अक्षर कळायला हवं, असं ठरवून तिने ते पान तसंच ठेवलं.

भाईंनी तो कोपऱ्यातला संगणक गिऱ्हाइकांना द्यायचं बंद केलं. पुठ्ठ्यावर ‘हात लावू नये’ असं लिहून पडद्याला टेकवून ठेवलं, आणि वीज आली की पहिला तोच चालू करू लागले.

मार्च उजाडला. काजूला बोंडं धरली. राधाबाई फोनवर सांगायची, यंदा पीक बरं आहे, शंकर येईपर्यंत बिया वाळवून ठेवते म्हणून.

त्या सोमवारी वर्षाली कॅफेत शिरली तेव्हा फक्त एकच नाव ठळक होतं. कंपनीचं.

पानावर नवी बातमी नव्हती, तारीखही तीच होती. फक्त मधली एक ओळ पिवळी होती. ‘कर्मचाऱ्यांची काळजी घेतली जात आहे,’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. वर्षालीला त्यात काही वावगं दिसलं नाही. मग तिने ‘जुनं पान’ दाबलं.

जुन्या पानावर त्याच जागी होतं, ‘ऑल क्रू आर सेफ अँड वेल’. सर्व कर्मचारी सुखरूप आहेत.

तिने नवं पान उघडलं. परत जुनं. परत नवं. ‘ऑल’ गेला होता. ‘सेफ’ही गेला होता.

“भाईनू,” ती म्हणाली. “वाईच हंय येवा.”

भाईंनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. एकदा खुर्चीमागून, एकदा खाली वाकून. मग ते प्रिंटरकडे गेले आणि दोन्ही पानांचे कागद काढून आणले. पिवळी ओळ कागदावर राखाडी आली.

वर्षालीने तिथूनच एजंटाला फोन लावला.

“अहो मॅडम, वेबसाइटवर कोणीही काहीही लिहितं,” एजंट म्हणाला. “इंग्रजी नीट करायला घेतलं असेल कोणी.”

“मग मला सांगा, सगळे सुखरूप आहेत का?”

“तसंच आहे ना.”

“तुम्ही म्हणा. ‘सगळे’ म्हणा.”

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. “मी नंतर फोन करतो,” असं म्हणून त्याने ठेवला.

घरी येऊन तिने लपवलं नाही. महादू दोन दिवस किनाऱ्यावर होता, ट्रॉलरचं इंजीन दुरुस्तीला दिलेलं. तिने दोघांसमोर कागद ठेवले आणि काय बदललं ते सांगितलं.

तुळसाने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. “एक अक्षर गेला म्हणून माणूस जाता काय गो?” ती म्हणाली. “कायतरी अभद्र बोला नको.”

वर्षालीला वाटलं, आता महादू ओरडणार. पण तो कागद हातात घेऊन बसला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं.

“ह्यात ‘सगळे’ खंय होता ता दाखव,” तो म्हणाला.

तिने बोट ठेवलं.

“आये,” तो हळू आवाजात म्हणाला, “वाऱ्यात अडाकलेली होडी परत येता तेव्हा आमी बंदरावरसून हाक मारतो, ‘सगळे इले काय रे?’ होडीतसून ‘सगळे इलांव’ असा येवक व्हया. सात वर्षांमागे एकदा नुसता ‘इलांव’ असा इला होता. तेव्हाच आमी समाजलांव.”

तुळसा उठून आत गेली. वर्षालीने महादूकडे पाहिलं.

“उद्या खंय जावचा ता सांग,” तो म्हणाला. “मी येतंय.”

दुसऱ्या दिवशी दोघं कुडाळला गेली, एका दैनिकाच्या वार्ताहराकडे. त्याने कागद शेजारीशेजारी ठेवून पाहिले आणि त्यांच्यासमोरच दुबईला कंपनीच्या कचेरीत फोन लावला. इंग्रजीत बोलता बोलता त्याने दोन वेळा तेच वाक्य वाचून दाखवलं. पलीकडच्या माणसाने त्याचं नाव आणि वर्तमानपत्राचं नाव विचारून घेतलं.

“ते उद्या उत्तर देतील,” वार्ताहर म्हणाला. “पण वहिनी, माझा अनुभव सांगतो. ज्यांच्याकडे लपवायला काही नसतं ते लगेच ‘नाही’ म्हणतात. हा माणूस ‘नाही’ म्हणाला नाही.”

त्या संध्याकाळी राधाबाईंचा फोन आला.

“काय गो, आज काय?”

वर्षालीला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काय ते ठाऊक नव्हतं. “काकी, आज माका बरोबर कळाक नाय. उद्या सांगतंय.”

“बरा,” राधाबाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बुधवारी सकाळी भाईंच्या कॅफेत कंपनीचं पान पुन्हा ठळक झालं होतं. या वेळी पूर्ण परिच्छेद पिवळा होता. ‘गल्फ ॲस्टर’वरील एका भारतीय कर्मचाऱ्याचा आजाराने मृत्यू झाला आहे. नातेवाइकांना आज दूरध्वनीने कळवण्यात येईल. तोपर्यंत नाव जाहीर केलं जाणार नाही.

जहाजावर भारतीय बरेच होते. पण वर्षालीच्या डोळ्यांसमोर दोनच घरं आली. एक आपलं, आणि एक तिने कधी न पाहिलेलं. तिने कॅफेतूनच राधाबाईंना फोन लावला. हे फोनवर सांगावं की नाही, हा विचार करायला वेळ नव्हता. कंपनीचा फोन आपल्या आधी तिथे गेला, तर ती एकटी असताना जाईल.

“काकी, खंय आसास?”

“बागेत. बिया जमवतंय.”

वर्षालीने वाचलं तसं सांगितलं. राधाबाई म्हणाली, “म्हणजे आज दोगांतल्या एका घरात फोन वाजतलो.”

“दुसरे पण आसत, काकी. केरळचे आसत, पंजाबचे आसत.”

“आसतले. फोन ठेव आता. लाइन मोकळी रवांदे. तू पण माका करू नको, मी पण तुका करणय नाय.”

देवबागच्या घरात फोन बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर होता. त्या दुपारी कोणी जेवलं नाही. महादू दारात बसला. तुळसा भिंतीला टेकून, फोनकडे पाठ करून. बाहेर पर्यटकांची बोट गेली, तिच्यातली माणसं मोठ्याने हसत होती. महादूने उठून दार लोटलं, मग घुसमटायला लागलं म्हणून परत उघडलं.

फोन वाजू नये असं वर्षालीला वाटत होतं. न वाजला तर तो वैभववाडीला वाजेल, हेही तिला कळत होतं. देवाला काय मागावं ते तिला कळेना. ‘नितेश’ म्हणावं तर डोळ्यांसमोर काजूखाली बसलेली बाई यायची.

दोनदा फोन वाजला. एकदा महादूच्या ट्रॉलरच्या मालकाचा होता. दुसऱ्यांदा शेजारणीच्या मुलीसाठी होता, आणि महादू फोनवर इतका ओरडला की पलीकडच्या माणसाने घाबरून ठेवून दिला.

उन्हं कलायला लागली तेव्हा तो तिसऱ्यांदा वाजला. वर्षालीने उचलला. एजंट होता.

“मॅडम, नितेश सुखरूप आहेत. कंपनीने स्पष्ट कळवलंय.”

तिने रिसीव्हर छातीशी धरला आणि “बरे आसत,” म्हणाली. तुळसाने “रामेश्वरा!” म्हणून जमिनीवर डोकं टेकलं आणि तशीच रडत राहिली. महादूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग तोच म्हणाला, “शंकर?”

वर्षालीने रिसीव्हर परत कानाला लावला. “आणि वैभववाडीचे शंकर? ते?”

“ते मी तुम्हाला सांगू शकत नाही,” एजंट म्हणाला आणि फोन बंद झाला.

वर्षालीने राधाबाईंचा नंबर लावला. लाइन व्यस्त. परत लावला, व्यस्त. फोन करायचा नाही असं ठरलं होतं ते तिच्या लक्षात होतं, तरी ती लावत राहिली. अंधार पडल्यावर नंबर बंद लागायला लागला.

पहाटेच्या एसटीने ती आणि महादू निघाली. कणकवलीला गाडी बदलून वैभववाडी, आणि तिथून रिक्षा. रिक्षावाल्याला शंकरचं नाव सांगितल्यावर त्याने मीटरकडे हात नेला आणि मागे घेतला. “बसा,” एवढंच म्हणाला. त्यावरून दोघं समजली.

अंगणात माणसं उभी होती. राधाबाई घरात नव्हती. बायकांनी वरच्या अंगाला हात दाखवला. काजूखाली ती बसली होती, अंगावर कालचंच लुगडं, मांडीवर बंद पडलेला मोबाइल. भोवती गळलेली बोंडं कुजायला लागली होती, त्यांचा आंबूस वास भरून राहिला होता. ती लहानखुरी, काळीसावळी बाई होती. वर्षालीने आवाजावरून तिला उंच समजलं होतं.

“काकी, मी वर्षाली.”

राधाबाईने वर पाहिलं.

“तुजो बरो आसा मा?” तिने विचारलं.

“होय.”

“माझो महिन्याआधी गेलो म्हणतत. महिनोभर कोणी बोलाक नाय.” तिचा आवाज कोरडा होता. “तुका कोणी सांगलेला शोधूक?”

वर्षालीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“तू नसता शोधलंस तर त्येंनी आजून गप रवले असते. आजून महिनोभर माझो झील माका जितो होतो. मी बिया वाळवत होतंय त्येच्यासाठी.” मग तिने तोंड फिरवलं. “जा गो तू. तुजा तोंड माका आता बघवणा नाय.”

परतीच्या एसटीत वर्षाली खिडकीला डोकं टेकून बसली होती. कणकवली आल्यावर महादू म्हणाला, “तिचा खोटा नाय. आणि तुझा पण खोटा नाय.” त्याने तिला स्टँडवर चहा घेऊन दिला. तिने तो तसाच ठेवला.

त्या दिवसानंतर संध्याकाळचा फोन थांबला. पहिले काही दिवस ती वेळ झाली की तुळसा टेबलाकडे बघायची आणि वाती वळायला बसायची. वर्षाली मालवणला जात राहिली. पण कोपऱ्यातला संगणक उघडायचं ती आता लांबणीवर टाकी. एकदा ती भाईंना म्हणाली, “ता ॲड-ऑन काढून टाकूया.”

“काढ,” भाई म्हणाले. “पण मग परत सगळी पाना हातान बघूची लागतली. बघणा तर तू सोडूचस नाय.”

तिने काढलं नाही.

वार्ताहराची बातमी छापून आल्यावर कंपनी दर आठवड्याला घरच्यांना फोन करू लागली. ते फोन वैभववाडीला जायचं कारण उरलं नव्हतं. जून संपता संपता खलाशांच्या बायकांच्या पानावर कुठल्याशा रशियन बाईने लिहिलं, की ‘गल्फ ॲस्टर’ सोमालियाच्या किनाऱ्यावरून सुटलंय. ते पान ठळक झालं तेव्हा वर्षालीला कळलं, कंपनीच्या फोनच्या एक दिवस आधी.

जुलैत नितेश आला. कणकवली स्टेशनवर महादूने त्याला ओळखलं नाही, तो पुढे निघून गेला आणि नितेशने हाक मारली. दाढी, गालफडं बसलेली, शर्ट अंगावर लटकत होता. घरी तो पहिले काही दिवस दाराकडे पाठ करून बसत नसे.

शंकरबद्दल त्याने हळूहळू सांगितलं. ताप होता. औषधं चाच्यांनी घेतली होती. शंकर शेवटचे दिवस नितेशच्या शेजारी झोपायचा आणि आईबद्दल, बागेबद्दल बोलायचा. “मी त्येका म्हटलंय होतंय, मी जाऊन सांगतंय तुझ्या आवशीक,” नितेश म्हणाला. “माका जावकच व्हया.”

“तू जा,” वर्षाली म्हणाली. “मी येणय नाय.”

“तू नाय इलंस तर मी पण जाणय नाय. माझ्यान एकट्यान ता बोलवचा नाय.”

भाताची लावणी संपल्यावर दोघं गेली. वैभववाडीत पाऊस धरला होता, घाटाचा डोंगर ढगात गेलेला. राधाबाई ओसरीवर वाटीत शेंगा सोलत होती. तिने आधी वर्षालीला पाहिलं आणि हात थांबवले. मग नितेशकडे पाहिलं आणि उठून उभी राहिली.

नितेश तिच्या पायाशी बसला आणि बोलू लागला. त्याने काही गाळलं नाही. ताप, पाणी, शंकरचं बोलणं, आणि शेवटी त्याला कापडात गुंडाळून समुद्रात कसं सोडलं ते. सांगताना त्याचा आवाज दोन ठिकाणी तुटला. राधाबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून ऐकत होती, जणू तोच आजारी होता.

“वार खंयचो होतो?” तिने शेवटी विचारलं. “तीथ व्हयी, कंपनीन नुसतो महिनो सांगल्यान. वर्साक करूचा लागतला.”

नितेशने मान खाली घातली. “काकी, थंय दिवसाचो हिशेब रवलो नव्हतो. माका सांगूक येणा नाय.”

राधाबाईने पदराने तोंड पुसलं. छपरावरून पाणी पडत होतं. मागच्या बाजूला कोंबड्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या.

“मग सर्वपित्रीक करूया,” ती म्हणाली. “ज्येंची तीथ कळणा नाय त्येंचा त्याच दिवशी करतत. तू येशीत?”

“येतलंय.”

तिने वर्षालीकडे न बघता वाटीतल्या शेंगा परत हातात घेतल्या.

“तू पण ये,” ती म्हणाली. “माझ्यान एकटेन एवढो सैपाक होवचो नाय. आधल्या दिवशीच ये.”

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी वर्षाली एकटीच पुढे गेली, नितेश दुसऱ्या दिवशी येणार होता. राधाबाईने तिला विळी आणि चार नारळ दिले. दोघी चुलीपुढे बसल्या. शंकरला काय काय आवडायचं ते राधाबाई सांगत गेली, आणि वर्षाली खवणता खवणता ऐकत राहिली.